अंगणाला नक्षी, पण आधी मुरूम

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

घर बांधून होतं, रंग लागतो, वास्तुशांत उरकते आणि मग घरातल्यांचं लक्ष अंगणाकडं जातं. तोवर पैसे संपत आलेले असतात आणि उत्साहही ओसरलेला असतो. पण दारातला चिखल काही पिच्छा सोडत नाही. पहिल्याच पावसात काळ्या मातीचे गोळे चपलांना चिकटून थेट देवघरापर्यंत पोचतात. मग एक दिवस कुणीतरी वैतागून म्हणतं, 'आता अंगणाचं काय ते करूनच टाका.'

पूर्वी याचं उत्तर ठरलेलं होतं. माती चोपून घ्यायची, शेणानं सारवायचं, सकाळी सडा घालायचा. पुढं शहाबादी फरशी आली, सिमेंटचा कोबा आला, नंतर पेव्हर ब्लॉक आले. आणि अलीकडं आला आहे तो छापाचा कोबा. ठेकेदार त्याला 'स्टॅम्प काँक्रीट' म्हणतात. मंगल कार्यालयाच्या प्रांगणात, हॉटेलांच्या दारात तो आपण पाहतो. दिसायला दगडाची फरसबंदी, जवळ जाऊन पाहावं तर अखंड सिमेंट काँक्रीट. आपल्याही दारात असंच करावं, असं वाटणं साहजिक आहे. पण बीड जिल्ह्यात, अंबाजोगाई तालुक्यातल्या घाटनांदूरसारख्या गावात हे करावं का, करायचं तर कसं आणि किती, याचा विचार आज आपण करणार आहोत.

आधीच एक गोष्ट सांगून ठेवतो. या कामातली नक्षी वरच्या काही मिलिमीटरांत असते, आणि त्या अंगणाचं आयुष्य खालच्या दीड फुटात असतं. आपण पसंती देतो ती वरच्या नक्षीला. फसगत होते ती खालच्या दीड फुटात.

नक्षी उमटते कशी?

ही पद्धत नवी वाटली तरी नवी नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये ब्रॅड बोमन नावाच्या ठेकेदारानं १९५० च्या दशकात ओल्या काँक्रीटवर धातूचे साचे दाबून दगड-विटांचा भास निर्माण करायला सुरुवात केली. पुढं धातूच्या जागी रबरासारखे लवचीक पॉलियुरेथेनचे साचे आले. त्यामुळं दगडाच्या पृष्ठभागावरचा खडबडीतपणाही उमटू लागला आणि हे काम जगभर पसरलं.

काम असं चालतं. नेहमीसारखं काँक्रीट ओतून, रंध्यानं सपाट करून घेतात. ते ओलं असतानाच वर रंगाची कठीण भुकटी शिंपडून घोटतात. साचा चिकटू नये म्हणून दुसरी एक भुकटी पसरतात. मग साचे एकाला एक जोडून मांडतात आणि वरून ठोकून दाबतात. काँक्रीट घट्ट झालं की जास्तीची भुकटी धुऊन काढतात. काही भुकटी खोलगट जागी राहते, त्यामुळं दगडाला असते तशी गडद-फिकी छटा येते. शेवटी पारदर्शक सीलरचा हात देतात.

यात वेळेचं महत्त्व फार. काँक्रीट फार ओलं असेल तर साचा रुततो, फार आवळलं तर छापच उमटत नाही. अंगठा दाबून पाहायचा. तीन-चार मिलिमीटर खळगा पडला आणि अंगठ्याला काही चिकटलं नाही, तर छाप घ्यायची वेळ झाली. थंडीत ही वेळ बऱ्यापैकी मिळते. मे महिन्यात पारा ४० अंशांपुढं गेल्यावर ती हातातून निसटते. म्हणून किती साचे आहेत आणि किती माणसं आहेत, हे पाहूनच एका वेळी किती काँक्रीट ओतायचं ते ठरवावं लागतं. चार माणसांनी अख्खं अंगण एका दमात ओतायला घेतलं, तर शेवटच्या कोपऱ्यात नक्षी पुसट येणार हे ठरलेलंच.

आपली जमीन कशी आहे?

आता पायाखाली पाहू. घाटनांदूर हे परळी ते लातूर रोड या रेल्वेमार्गावरचं गाव. हा सगळा बालाघाटाचा परिसर. खाली काळा पाषाण, त्याच्यावर मुरूम आणि मुरमावर काळी माती. हे थर सगळीकडं सारखे नसतात. उताराला एखाद्याच्या दारात दोन फुटांवर मुरूम लागतो, तर सखल भागात पुरुषभर खोदलं तरी काळीच माती निघते. त्यामुळं 'शेजाऱ्याचं अंगण चांगलं टिकलं, मग आमचंही टिकेल' हा हिशेब इथं चालत नाही.

काळ्या मातीचा स्वभाव शेतकऱ्याला सांगायला नको. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कापसाला, तुरीला हा गुण मानवतो. काँक्रीटला तो मानवत नाही. चार इंचांचा कोबा वरून कितीही कठीण दिसला, तरी खालची जमीन एका बाजूनं वर उचलली गेली आणि दुसऱ्या बाजूनं खाली बसली, तर तो तडकणारच. साध्या कोब्याला तडा गेला तर सिमेंट भरून भागवता येतं. छापाच्या कोब्यात तो तडा नक्षीच्या आरपार जातो, आणि त्यावर केलेलं ठिगळ रंगानं आणि पोतानं कधीच मिळतं-जुळतं येत नाही. महागड्या शालूला साध्या धाग्यानं रफू करावं, तसं ते दिसतं.

काळ्या मातीवर बांधकाम कसं करावं, यावर आपल्याकडं चांगलं संशोधन झालेलं आहे. मुंबईच्या आय.आय.टी.मधले प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी दाखवून दिलं, की फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकट अशा मातीचा साधारण मीटरभर जाडीचा थर नीट दाबून दिला, तर खालच्या मातीचं फुगणं वर फारसं जाणवत नाही. कालव्यांच्या अस्तरीकरणात या विचाराचा उपयोग झाला. घरच्या अंगणासाठी मीटरभर खोदणं परवडणार नाही. पण तत्त्व तेच ठेवून निदान दीड फूट काळी माती काढावी आणि तिथं चांगला मुरूम भरावा. तोही एकदम ओतून नाही. सहा-सहा इंचांचे थर द्यायचे, प्रत्येक थरावर पाणी मारायचं आणि धुमस करून तो दाबायचा. रोलर किंवा यंत्राची धुमस मिळाली तर उत्तमच. एवढं केलं म्हणजे जमीन अजिबात हलणार नाही असं नाही. हालचाल कमी होते, आणि होईल ती सगळीकडं सारखी होते.

आपली माती किती फुगते, याचा अंदाज घरीही घेता येतो. अंगणात दोन फूट खोल खड्डा घेऊन तळची माती काढा. ती वाळवून, कुटून, चाळून सरळ उभ्या काचेच्या पेल्यात दोन बोटं भरा आणि बाहेरून खूण करा. मग हलक्या हातानं पाणी घालून पेला रात्रभर तसाच ठेवा. सकाळी माती खुणेच्या बरीच वर आलेली दिसली, तर समजा की ती फुगणारी आहे. प्रयोगशाळेत हेच अधिक काटेकोरपणे करतात. एका नळीत पाणी, दुसऱ्या नळीत रॉकेल घेतात, कारण रॉकेलमध्ये माती फुगत नाही, आणि दोन्हींतला फरक मोजतात. घरच्या पेल्यातून आकडा मिळणार नाही, पण सावध व्हावं की नाही एवढं नक्की कळेल.

चार पर्यायांची तुलना

ही जमीन डोळ्यांपुढं ठेवून आता पर्याय तोलून पाहू.

शहाबादी फरशी ही आपल्या ओळखीची. कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादवरून तिला हे नाव मिळालं. ती चुनखडीच्या जातीची, थरांनी निघणारी. मुरमावर आणि मसाल्यावर बसवली तर जमीन थोडी हलली तरी एखाद-दुसरी फरशी डगमगते, तेवढीच उचलून पुन्हा बसवता येते. घर बदललं तर फरशी दुसऱ्या कामालाही येते. वर्षानुवर्षांच्या वापरानं ती गुळगुळीत होते आणि पावसात निसरडी होते, हा तिचा दोष.

साधा कोबा सगळ्यांत कमी खर्चाचा. त्याच्यावर दोरीनं किंवा ब्रशनं रेघा ओढल्या तर पायही घसरत नाही. दिसायला मात्र तो कोबाच.

पेव्हर ब्लॉकचं वैशिष्ट्य असं, की ते सुटे असतात. खाली मुरूम-खडीचा दाबलेला थर, वर वाळू किंवा कच, आणि कडेनं पक्की पट्टी असेल तर ते काळ्या जमिनीवर बरं काम देतात. जागा दबली तर ब्लॉक काढून, भर घालून परत बसवता येतात. पाणीही सांध्यांतून थोडंफार मुरतं. पण खालचा थर कच्चा राहिला तर ब्लॉक वरखाली होतात, डबकी साचतात. मुंबईकरांना याचा अनुभव पुष्कळ आला. तिथल्या महानगरपालिकेनं गेल्या दशकात पदपथांवरून पेव्हर ब्लॉक हटवून सिमेंट काँक्रीटचे पदपथ करायचं धोरण स्वीकारलं. म्हणजे ब्लॉक वाईट असा अर्थ नव्हे. खालचा थर नीट नसेल आणि आज या केबलसाठी, उद्या त्या नळासाठी खोदाई होत राहिली, तर कोणतीही फरसबंदी टिकत नाही, हा त्यातला धडा.

चौथा पर्याय छापाच्या कोब्याचा. सांधे कमी असल्यामुळं गवत उगवत नाही, मुंग्या माती वर काढत नाहीत, झाडायला सोपा, दिसायला देखणा. पण चारही पर्यायांत खालच्या भरावाची सर्वांत जास्त गरज यालाच, आणि दुरुस्तीला सर्वांत अवघडही हाच. म्हणून सरळ सांगायचं तर असं: मुरूम लवकर लागणारी जमीन असेल, किंवा काळी माती काढून भराव करायची तयारी असेल, तरच छापाच्या कोब्याचा विचार करावा. भरावाचे पैसे वाचवून नक्षी घ्यायची असेल, तर त्यापेक्षा भराव करून साधे ब्लॉक घेतलेले बरे.

हिशेब आधी, नक्षी नंतर

एक उदाहरण घेऊ. ३० फूट लांब आणि २० फूट रुंद, म्हणजे ६०० चौरस फुटांचं अंगण. दीड फूट माती काढायची म्हटलं तर ९०० घनफूट, म्हणजे ९ ब्रास माती निघाली. दाबल्यावर मुरूम बसतो, म्हणून तो ११ ते १२ ब्रास लागेल. वर चार इंच जाडीचं काँक्रीट म्हणजे २०० घनफूट. एकास दीड नि तीन या प्रमाणात त्याला साधारण ४५ पोती सिमेंट, पाऊण ते एक ब्रास वाळू आणि पावणेदोन ब्रास खडी लागते. रंग, साचे, सीलर आणि कारागिरांची मजुरी याच्यावर.

ठेकेदार जो चौरस फुटाचा दर सांगतो, त्यात यातलं काय काय धरलेलं आहे, हे विचारून घ्यायला हवं. पुष्कळदा तो दर फक्त वरच्या कामाचा असतो. खोदाई, मुरूम, धुमस 'तुमच्याकडं' असं नंतर कळतं आणि तिथंच काटकसर सुरू होते. म्हणून दोन कोटेशनची तुलना करताना खोदाई, भराव, काँक्रीट, नक्षी आणि सीलर असे पाच भाग वेगळे लिहून घ्या.

काँक्रीटमध्ये पाणी बेतानं घालणं ही आणखी एक महत्त्वाची गोष्ट. सिमेंटच्या एका पोत्याला २५ ते ३० लिटर पाणी पुरतं, आणि त्यात वाळूतला ओलावाही आला. सहज पसरावं म्हणून बिगारी आणखी एक बादली ओततो, आणि तीच बादली पुढं तडे होऊन वर येते. शिवाय जास्त पाण्याच्या काँक्रीटचा वरचा थर भुसभुशीत राहतो, आणि आपली नक्षी तर नेमकी त्याच थरात असते.

सांधे सोडायला घाबरू नका

काँक्रीट वाळताना आकसतं. ते कुठं ना कुठं फाटणारच. ते आपण ठरवू तिथं फाटावं, म्हणून सांधे द्यायचे. चार इंच जाडीला दर आठ ते दहा फुटांवर सांधा हवा आणि तो निदान एक इंच खोल हवा. नक्षी तुटते म्हणून काही जण सांधेच टाळतात. त्यापेक्षा नक्षीतल्या दगडांच्या ओळींतूनच सांधा नेला, तर तो डोळ्यांत भरत नाही. काम सुरू होण्यापूर्वी सांध्यांचा साधा नकाशा कागदावर काढून घ्यावा.

दुसरा सांधा घराच्या जोत्याशी, ओट्याच्या खांबाशी आणि तुळशी वृंदावनाभोवती द्यायचा. तिथं अर्धा इंच थर्माकोलची पट्टी ठेवून अंगण मोकळं सोडायचं. अंगण खालीवर झालं तर त्यानं घराला ढकलू नये आणि घरानं अंगणाला अडवू नये.

लोखंडी जाळी टाकायची असेल तर ती काँक्रीटच्या वरच्या निम्म्यात राहिली पाहिजे. खाली ठोकळे न ठेवता जाळी मुरमावर पसरून वरून काँक्रीट ओतलं, तर ती जाळी नुसती गाडलेली असते. आणि दारात ट्रॅक्टर-ट्रॉली येणार असेल, सोयाबीनची पोती उतरणार असतील, तर त्या पट्ट्यात चार इंच पुरणार नाहीत. सहा इंच जाडी धरा.

आता पाणी मारण्याविषयी. साध्या कोब्यावर आपण गोणपाट टाकतो, आळी करून पाणी साठवतो. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि राखमिश्रित सिमेंटला किंवा कोरड्या, उष्ण हवेत किमान १० दिवस ओलावा हवा, असं भारतीय मानक सांगतं. आज बाजारात मिळणारं बरंचसं सिमेंट औष्णिक वीज केंद्रांतली राख मिसळलेलंच असतं. परळीचं औष्णिक केंद्र आपल्या शेजारीच असल्यानं ही राख आपल्या परिचयाची आहे. हे सिमेंट चांगलंच असतं, पण ताकद सावकाश धरतं, म्हणून त्याला ओलाव्याची गरज जास्त दिवस असते.

छापाच्या कोब्याची अडचण अशी, की रंगावर गोणपाटाचे डाग उमटतात, प्लास्टिक टाकलं तर त्याच्या चुण्या उमटतात आणि साठवलेल्या पाण्यानं पांढुरके ठिपके पडतात. म्हणून भुकटी धुतल्यानंतर ओलावा आत धरून ठेवणारं पारदर्शक द्रव फवारतात. ठेकेदाराला विचारा, 'पहिले दहा दिवस तुम्ही काय करणार?' याचं नीट उत्तर ज्याच्याकडं आहे, त्यालाच काम द्या. हंगामही पाहून घ्या. दिवाळीनंतर ते माघापर्यंतचा काळ उत्तम. उन्हाळ्यातच करायची वेळ आली तर पहाटे किंवा सूर्य कलल्यावर काम घ्या, आणि वाऱ्याला आडोसा करा. ऊन आणि कोरडा वारा मिळून पहिल्या काही तासांतच वरच्या थराला केसासारख्या भेगा पाडतात.

अंगण कुणासाठी?

नक्षीचं पुस्तक समोर आलं की आपण चित्र पाहून निवड करतो. त्याऐवजी अंगणात दिवसभर काय चालतं ते आठवावं. खोल दगडगोट्यांची नक्षी चित्रात सुंदर दिसते, पण काठी टेकत चालणाऱ्या आजोबांचा पाय त्यात अडकतो. चालायच्या वाटेला उथळ, स्लेटच्या दगडासारखा पोत बरा. सीलर जितका चकचकीत, तितका पावसात निसरडा. म्हणून त्यात घसरण रोखणारी बारीक कणी मिसळून घ्यावी आणि न्हाणीकडून येणाऱ्या वाटेवर ती आठवणीनं घालावी.

रंगाचंही तसंच. लोखंडाच्या भस्मापासून होणारे तांबडे, पिवळे, तपकिरी रंग उन्हात टिकतात. भडक निळे-हिरवे रंग स्वस्तातले असले तर लवकर विटतात. गडद काळा-करडा रंग दगडासारखा भासतो खरा, पण वैशाखात दुपारी त्यावर अनवाणी पाय ठेवून पाहा! आपल्या हवेला फिकट वाळूचा, फिकट तांबूस रंग सोसतो.

आणखी काही गोष्टी पुस्तकात नसतात. खडबडीत पोतावर रांगोळी उठून दिसत नाही, आणि फटींत गेलेली रांगोळी निघत नाही. म्हणून उंबऱ्यासमोर आणि तुळशीपुढं तीन-तीन फुटांचा चौकोन गुळगुळीत ठेवायला सांगा. घरात लग्नकार्य निघालं की मांडवाच्या मेढी रोवायला जागा लागते. चार कोपऱ्यांत पाइपचे तुकडे उभे गाडून त्यांना झाकणं बसवली, तर पुढं पहार घेऊन नक्षी फोडावी लागणार नाही. पापड-कुरडया वाळत घालायच्या, डाळी निवडायच्या, तर त्यालाही एखादा सपाट कोपरा हवा.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे नळ आणि सांडपाणी. २०१९ साली जलजीवन मिशन जाहीर झाल्यापासून गावोगावी नळजोडणीची कामं निघाली आणि पुष्कळ पक्की अंगणं फोडावी लागली. काँक्रीट ओतण्यापूर्वीच अंगणाखालून आडवे एक-दोन रिकामे मोठे पाइप टाकून ठेवावेत. उद्या नळ आला, वायर न्यायची झाली, मोटारीचा पाइप बदलायचा झाला, तर त्यातून नेता येतो. त्याला खर्च किरकोळ येतो, आणि अंगण वाचतं.

उताराला आपण ढाळ म्हणतो. तो घराकडून बाहेर, फुटाला पाव इंच असावा. मात्र गल्लीतला रस्ता दर काही वर्षांनी थरावर थर चढून उंच होतो, हेही ध्यानात ठेवा. अंगणाची पातळी ठरवताना ती जोत्याच्या निदान सहा इंच खाली आणि गल्लीच्या वर राहील असं पाहा. नाहीतर गल्लीतलं पाणी आपल्या नक्षीवर येऊन बसेल.

सगळं अंगण झाकू नका

आता शेवटचा आणि मला सर्वांत मोलाचा वाटणारा मुद्दा. आपला हा दुष्काळी टापू आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात केज तालुक्यातल्या धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, हे कुणी विसरलेलं नाही. टँकरची वाट पाहत घागरींच्या रांगा लावलेल्या माणसांना पाण्याचा हिशेब वेगळा शिकवायला नको. तरीही अंगण करताना आपण तो हिशेब विसरतो.

६०० चौरस फूट अंगणावर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर ते ५५ लिटर पाणी होतं. वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर धरला तर ३८ ते ३९ हजार लिटर. म्हणजे तीन-चार टँकर. मोकळ्या मातीवर त्यातलं काही मुरतं, काही झाडाच्या मुळाशी राहतं. पूर्ण काँक्रीट केलं की जवळजवळ सगळं गल्लीत वाहून जातं. गावातल्या शंभर घरांनी असं केलं, तर पावसाळ्यात गल्लीत पूर आणि मार्चमध्ये बोअरला धूळ, अशी आपलीच आपण सोय केली म्हणायची.

म्हणून सगळं अंगण झाकण्याऐवजी फाटकापासून दारापर्यंत चार फुटांची वाट आणि दारापुढं १२ बाय १० फुटांचा चौक एवढाच छापाचा कोबा करावा. वरच्या उदाहरणात हे २४० चौरस फूट होतात. सिमेंट ४५ पोत्यांऐवजी १८ पोती, भरावही त्याच प्रमाणात कमी. वाचलेल्या पैशांत भराव दीडऐवजी दोन फूट करता येईल. उरलेल्या जागेत कडुनिंब, शेवगा, कढीपत्ता, चार फुलझाडं लावता येतील. गाडी उभी करायला सुटे ब्लॉक चालतील.

छतावरचं आणि अंगणातलं पाणी ढाळानं एका बाजूला नेऊन शोषखड्ड्यात सोडावं. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघरी शोषखड्डे करून उघडी गटारं आणि डास दोन्ही हटवले, याची राज्यभर चर्चा झाली होती. आपल्याकडं फक्त एक पथ्य पाळायचं. काळ्या जमिनीत शोषखड्डा घराच्या पायाला आणि नव्या कोब्याला लगटून घेऊ नये. निदान दहा-बारा फूट दूर आणि मुरूम लागेपर्यंत खोल घ्यावा. पायाजवळची काळी माती एका बाजूनं ओली आणि दुसऱ्या बाजूनं कोरडी राहिली, तर भिंतींनाच तडे जातात.

काम झाल्यावरची देखभाल फार नाही, पण ती चुकवून चालत नाही. दर दोन-तीन वर्षांनी सीलरचा नवा हात द्यावा. फरशी धुवायचं आम्लाचं पाणी या कोब्यावर कधीही ओतू नये. ते रंगाबरोबर सिमेंटही खातं. बोअरच्या जड पाण्यानं पांढरा खार धरतो, तो ब्रश आणि स्वच्छ पाण्यानं वेळच्या वेळी काढावा. मोटारसायकलच्या तेलाचा थेंब पडला तर लगेच पुसावा, मुरला की निघत नाही.

आणि ठेकेदार निवडताना त्याच्या मोबाइलमधले फोटो पाहून भुलू नका. फोटो कामाच्या दुसऱ्या दिवशीचे असतात. त्याला म्हणा, दोन पावसाळे खाल्लेलं तुझं एखादं अंगण दाखव. तिथं जाऊन सांधे पाहा, कडा पाहा, पाणी कुठं साचतं ते त्या घरच्या बाईमाणसांना विचारा. झाडलोट त्याच करतात, त्यांना सगळं ठाऊक असतं. मग आपल्या दारात दोन बाय दोन फुटांचा नमुना करून घ्या, तो पूर्ण वाळू द्या, त्यावर पाणी ओतून चालून पाहा. एवढं पटलं तरच विसार द्या.

आपल्याकडं घराची परीक्षा अंगणावरून करतात. येणारा पाहुणा नक्षी पाहून 'वा' म्हणेल, ते पहिल्या दिवशी. दहाव्या वर्षीही त्या अंगणात आजी निर्धास्त चालावी, दारात पाणी तुंबू नये आणि कोपऱ्यातल्या कडुनिंबाला ओल मिळावी, असं अंगण करायचं असेल, तर साच्यांचं पुस्तक उघडण्यापूर्वी कुदळ घ्या, दोन फुटांचा खड्डा खणा आणि खाली काय लागतं ते आधी पाहा.